ककाओच्या झाडापासून आतित्लानच्या काठापर्यंत

वर्तुळात बसून, मनात एखादा हेतू धरून ककाओ (चॉकलेट ज्या बियांपासून होतं त्यांचं पेय) पिण्याची पद्धत आता अनेक देशांत पोहोचली आहे. तिला आजचं रूप मिळालं ते ग्वाटेमालातल्या आतित्लान सरोवराकाठी, सान मार्कोस ला लागुना या छोट्या गावात. म्हणून बहुतेक प्रवासी विमानतळावरून थेट तिथेच जातात. पण सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १५६० मीटर उंचीवर आहे आणि ककाओचं झाड हजार मीटरच्या वर सहसा धड फळत नाही. सान मार्कोसमध्ये प्यायला जाणारा ककाओ खालच्या उष्ण पट्ट्यातून वर आलेला असतो. ज्याला हे पेय मनापासून समजून घ्यायचं आहे, त्याने त्याच्याबरोबर खालून वर यावं. पुढचा मार्ग तसा आखला आहे.

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ त्यासाठी बरा. बिया उन्हात वाळवता येतात, घाटरस्ते मोकळे असतात आणि सकाळी सरोवर शांत असतं.

दिवस पहिला: ग्वाटेमाला सिटी, मग अँटिग्वा

ला अवरोरा विमानतळाच्या जवळच, झोन १३ मध्ये राष्ट्रीय पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र संग्रहालय आहे. ते सुरू असल्याची खात्री आधी करून घ्यावी आणि दोन तास तिथे द्यावेत. माया, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, चित्रलिपीतली भांडी बघताना काठाजवळून फिरणाऱ्या अक्षरपट्टीकडे लक्ष द्या. भांडं कोणाचं आणि कशासाठी, हे त्या पट्टीत लिहिलेलं असतं आणि त्यात 'ककाव' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. उत्तरेकडच्या पेतेन प्रांतातल्या रियो आसुल इथे १९८४ मध्ये एका थडग्यात झाकण फिरवून बंद करायचं मातीचं भांडं सापडलं. ते इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं. माया लिपीचे अभ्यासक डेव्हिड स्टुअर्ट यांनी त्यावरचं 'ककाव' वाचलं आणि आतल्या अवशेषांच्या रासायनिक तपासणीत थिओब्रोमिन (ककाओतलं मुख्य उत्तेजक द्रव्य) व कॅफिन मिळालं. म्हणजे भांड्यावर लिहिलं होतं तेच आत होतं.

जुन्या चित्रांत एक स्त्री उभी राहून उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धार सोडताना दिसते. हेतू फेसाचा. लाकडी घुसळणी स्पॅनिश लोक आल्यानंतरची.

अँटिग्वा तिथून साधारण ४० किलोमीटर, पण शहरातल्या गर्दीमुळे दीड-दोन तास धरावेत. संध्याकाळी बाजारात गोल वड्यांचं 'चोकोलाते' घेऊन चाखा. त्यात साखर भरपूर असते, बहुतेक वेळा दालचिनीही. नाश्त्याला छान, पण या प्रवासाला कारण ठरलेला ककाओ हा नव्हे. आपल्याला हवी ती नुसत्या बियांची पेस्ट, चरबीसकट, दुसरं काहीही न घातलेली. कोको पावडर म्हणजे तीच पेस्ट दाबून बरीचशी चरबी काढल्यावर उरणारा चोथा. दोन्हींची मापं एकमेकांना लागू पडत नाहीत.

दिवस दुसरा: सुचितेपेकेसच्या उतारावर

एस्क्विंत्लामार्गे रस्ता पॅसिफिककडे उतरतो आणि हवा जड होते. ज्वालामुखींचा पायथा आणि किनारपट्टी यांच्यामधल्या या पट्ट्याला बोका कोस्ता म्हणतात. सान आंतोनियो सुचितेपेकेस हे इथलं चॉकलेटसाठी ओळखलं जाणारं गाव. आसपासच्या बागा छोट्या, घरगुती. न कळवता जाऊ नये. राहत्या ठिकाणाहून किंवा स्थानिक सहकारी संस्थेमार्फत आदल्या दिवशी विचारलं तर शेतकरी स्वतः फिरवून दाखवतात. त्यांचा वेळ जातो, तेव्हा मोबदला आधीच ठरवावा.

ककाओचं झाड सावलीतलं. वर 'माद्रे ककाओ'सारखी मोठी झाडं हवीत. फुलं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात, नखाएवढी. परागीभवन करणारी चिलटं कुजलेल्या पाचोळ्यात वाढतात, म्हणून अति स्वच्छ बाग कमी फळते. फूल ते पिकलेलं फळ, यात पाच-सहा महिने जातात. फळ ओढून तोडत नाहीत, देठाशी कापतात, कारण त्याच गाठीवर पुढची फुलं येणार असतात. पांढऱ्या भुकटीने माखलेली, काळवंडलेली फळं दिसली तर तो मोनिलिया बुरशीचा रोग. अशी फळं बिया काढण्यासाठी वापरायची नसतात.

एका फळात साधारण ३० ते ४० बिया, गोड-आंबट पांढऱ्या गरात लपेटलेल्या. वाळल्यावर एक बी जेमतेम एक ग्रॅमची. सालं आणि भाजण्यातली घट धरली, तर ४० ग्रॅमच्या एका पूर्ण कपामागे एकापेक्षा जास्त फळ लागतं. कप हातात घेताना हे माहीत असलेलं चांगलं.

इथे दोन रस्ते फुटतात आणि विकत घेताना हाच प्रश्न सर्वात आधी विचारायचा असतो: बी आंबवलेली की धुतलेली?

आंबवलेल्या बिया लाकडी पेटीत केळीच्या पानांखाली पाच ते सात दिवस ठेवतात. आधी यीस्ट गरातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, मग हवा मिळाली की जिवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल करतात. या दुसऱ्या टप्प्यात ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो, अंकुर मरतो, पेशी फुटतात आणि कडवटपणा उतरू लागतो. चॉकलेटचा सुगंध पुढे भाजताना येतो, त्याची बीजं इथे पडतात. दर एक-दोन दिवसांनी ढीग उलथावा लागतो. उलथला नाही तर मधला भाग हवेविना आंबत राहतो आणि कडेच्या बिया थंड पडतात. फार दिवस ठेवला तर कुजका वास धरतो. ढीग फार लहान असेल तर तो तापतच नाही, म्हणून थोड्या फळांच्या शेतकऱ्याला हे एकट्याने जमत नाही.

दुसरा रस्ता 'लावादो', म्हणजे धुतलेला ककाओ. गर धुऊन टाकायचा आणि बी सरळ उन्हात घालायची. ग्वाटेमालात घरी प्यायच्या चॉकलेटसाठी हीच जुनी, रुळलेली पद्धत. चव तुरट, सरळ, आंबटपणा नाही. अनेक विक्रेते 'सेरेमोनियल (विधीसाठीचा) म्हणजे आंबवलेलाच' असं ठासून सांगतात. ते या देशातल्या घराघरांतल्या सवयीशी जुळत नाही. चव आवडते ती घ्यावी, पण आपण काय पितो आहोत हे माहीत असावं.

वाळवताना ओलावा सात टक्क्यांपर्यंत आणतात. मूठभर बिया दाबल्या की कुरकुरीत आवाज यायला हवा. पावसात चुलीच्या धुरावर वाळवलेल्या बियांना धुरकट, मांसासारखा वास चिकटतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. वीस-पंचवीस बिया उभ्या कापून बघाव्यात. तपकिरी आणि भेगाळलेल्या म्हणजे नीट आंबलेल्या. जांभळ्या म्हणजे अर्धवट. सलग राखाडी म्हणजे आंबवलेल्याच नाहीत, धुतलेल्या ककाओत तेच अपेक्षित असतं. आत बुरशी दिसली तर ते पोतं नको.

दिवस तिसरा: भाजणं, सोलणं, वाटणं

मुक्काम त्याच गावात ठेवावा. घरगुती चॉकलेट करणाऱ्या बायकांचं काम पहाटे सुरू होतं आणि ऊन तापायच्या आत बरंचसं उरकतं.

कोमाल म्हणजे मातीचा किंवा पत्र्याचा पसरट तवा. आच मंद, हात सतत फिरता. अर्ध्या तासाच्या आसपास वास व्हिनेगरकडून भाजक्या पावाकडे सरकतो, सालं तडतडतात आणि बी बोटांत दाबली की टरफल सुटतं. आच मोठी झाली तर बाहेर कोळसा, आत कच्चं. लहान-मोठ्या बिया एकत्र भाजल्या तरी तेच होतं, म्हणून आधी आकाराने निवडतात.

'रॉ', म्हणजे न भाजलेल्या, ककाओच्या मागे धावणाऱ्यांसाठी इथे थांबायला हवं. बी आंबताना आणि उघड्यावर वाळताना माती, हात, जनावरं यांच्या संपर्कात येते. साल्मोनेलासारखे जिवाणू मारण्याची एकमेव खात्रीची पायरी म्हणजे भाजणं. न भाजलेला ककाओ अधिक पवित्र असतो या समजुतीला इथल्या चुलीजवळ कुठलाच आधार मिळत नाही.

सोलणं गरम असतानाच, हाताने. टरफल बीच्या वजनाच्या साधारण १२ ते १५ टक्के. बाहेरची घाण आणि शिशाचा बराच भाग त्यातच असतो, म्हणून तुकडा पेस्टमध्ये जाऊ द्यायचा नाही. घाईत सोललेला ककाओ जिभेवर कचकचतो.

मग 'पिएद्रा दे मोलेर', तीन पायांचा दगडी पाटा. त्याच्याखाली निखारे सरकवतात. ककाओची चरबी ३४ अंशांच्या आसपास वितळते. दगड थंड असेल तर भुगा होतो आणि भुगाच राहतो. दगड कोमट असेल तर पहिल्या फेरीत ओलसर चुरा, दुसरीत जाड गोळा, तिसरीत चकाकती पेस्ट. पाट्याला पाण्याचा ओलावा राहिला तर पेस्ट एकदम आखडते आणि गुठळ्या धरते. धुतलेला दगड पूर्ण सुकवून तापवतात तो याचसाठी. शेवटी साच्यात ओतून रात्रभर ठेवलं की वडी तयार.

स्वतः वाटून बघायची संधी मिळाली तर सोडू नये. मनगट आणि पाठ दोन्ही लगेच सांगतात की हा कप स्वस्त का असू शकत नाही.

दिवस चौथा: कोकालेसहून सान्तियागो आतित्लान

कोकालेसच्या फाट्यावरून रस्ता पातुलुल आणि सान लुकास तोलिमानमार्गे चढतो. तोलिमान ज्वालामुखीला वळसा घालून सान्तियागो. बस बदलावी लागते, शेवटचा टप्पा पिकअपच्या मागे उभं राहूनही होतो. दिवसाउजेडीच जावं.

हा चढ जुना आहे. सान्तियागोच्या त्सुतुहिल या माया समाजाच्या ताब्यात खालच्या उतारावर ककाओच्या बागा होत्या आणि वसाहतकाळात त्यांच्याकडून खंडणी ककाओच्या बियांमध्ये घेतली जाई. बी हेच चलन होतं. गावात माशिमोन या लोकदैवताचं दर्शन घेता येतं. धार्मिक बंधुमंडळाच्या घरात त्याचा मुक्काम असतो आणि ते घर दरवर्षी बदलतं. थोडी देणगी, विचारल्याशिवाय फोटो नाही, आवाज हळू.

दिवस पाचवा: सान मार्कोस, आणि कप

होडीला इथे लांचा म्हणतात. सान्तियागोहून सान पेद्रो, तिथून दुसरी लांचा किंवा टुकटुक. दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि होडी लाटांवर आदळत जाते. पाठीचा त्रास असलेल्यांनी सकाळचीच होडी धरावी. सुटे क्वेत्झाल (इथलं चलन) जवळ ठेवावेत.

सान मार्कोस हे काक्चिकेल या माया समाजाचं गाव. खालच्या अंगाला गल्लीबोळांत योग, मसाज, ध्यानाची केंद्रं. अमेरिकेहून येऊन राहिलेल्या कीथ विल्सन यांच्या बैठकांमधून २००० नंतर ककाओ पिण्याची ही रीत बाहेरच्या जगात पसरली. ती नवी आहे, हे स्वच्छपणे म्हणावं. नवी असल्याने तिचं मोल कमी होत नाही, पण 'हजारो वर्षांचा माया विधी जसाच्या तसा' असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

आता तयारी. पहिल्यांदा पिणाऱ्याने २० ग्रॅमच घ्यावेत. पूर्ण मात्रा ३० ते ४२ ग्रॅम. रोजच्या ध्यानाआधी १५ ते २० पुरेत. वजनकाटा वापरावा, चमचा फसवतो. ४० ग्रॅम पेस्टमध्ये साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम थिओब्रोमिन, त्यामानाने थोडं कॅफिन, २० ग्रॅमच्या आसपास चरबी आणि सुमारे २५० कॅलरी असतात. रिकाम्या पोटी इतकी चरबी गेली की मळमळ होते. भरल्या पोटी वर ओतली तरीही होते. त्यामुळे दोन-तीन तास आधी हलकं, कमी तेलाचं खावं. त्या दिवशी कॉफी नको. पाणी भरपूर, कारण नंतरची डोकेदुखी बहुधा पाणी कमी पडल्याची असते.

वडी सुरीने अगदी बारीक चिरायची. मोठा तुकडा तळाशी बसतो आणि करपतो. एका माणसाला १५० ते १८० मिलिलिटर पाणी. इथल्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळी आल्यावर भांडं उतरवून दोन मिनिटं थांबायचं. आधी चुऱ्यावर अगदी थोडं गरम पाणी घालून गुळगुळीत लगदा करायचा, मग उरलेलं पाणी धारेने. सगळं पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या. गार पाणी घातलं तर चरबी दाण्यांसारखी थिजते आणि पेय वाळूसारखं लागतं. मग 'मोलिनियो' दोन तळव्यांत रवीसारखा घुसळायचा, किमान दोन मिनिटं, फेस धरेपर्यंत. घुसळलं नाही तर वर तेलाचा तवंग आणि खाली गाळ. पिता पिताही कप हलवत राहावं.

उकळल्याने ककाओचा 'प्राण' जातो असं इथे ऐकू येईल. जी बी भाजताना शंभर अंशांच्या वर तापलेली आहे तिचं उकळत्या पाण्याने फारसं बिघडत नाही. खळखळून उकळू देऊ नये याचं कारण साधं आहे: सुगंध उडतो आणि चरबी फुटून वेगळी होते.

मिरची चिमूटभर, शक्यतो धुरावलेली कोबानेरो. ऑलस्पाइस म्हणजे इथली 'पिमिएन्ता गोर्दा', व्हॅनिला, आचियोते (लाल रंग देणाऱ्या बिया) ही या भूमीतलीच भर. गोडी हवी तर मध किंवा पानेला (इथला गूळ), एक चमचा. दूध टाळावं, आधीच जड असलेलं पेय आणखी जड होतं.

कोणी पिऊ नये, हे केंद्रात विचारत नसतील तर ते केंद्र सोडून द्या. एमएओ इन्हिबिटर गटातली (नैराश्यावरची एका प्रकारची) औषधं चालू असतील तर अजिबात नाही. नैराश्यावरची इतर औषधं, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, अनियंत्रित रक्तदाब, गर्भारपण, अर्धशिशी, किडनी स्टोनची प्रवृत्ती (ककाओत ऑक्झलेट बरंच असतं) यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, आणि मग घ्यायचाच तर अगदी कमी. आयावास्का या भास घडवणाऱ्या काढ्यामध्ये एमएओ रोखणारी द्रव्यं असतात. तिच्या जोडीला ककाओ देणारी जागा टाळा.

बैठक सकाळची निवडावी. थिओब्रोमिनचा परिणाम हळू चढतो, दोन-तीन तासांनी माथ्यावर येतो आणि शरीरातून निम्मं बाहेर पडायलाच सात ते बारा तास घेतं. संध्याकाळी सातला प्यायलेला पूर्ण कप मध्यरात्री डोळे उघडे ठेवतो. वर्तुळ, हेतू मनात धरणं, पहिला घोट शांतपणे, मग वीस-तीस मिनिटं काहीच नाही. ही शांतता घाईने संगीताने भरणारे चुकतात. छातीत ऊब, ठोका किंचित वाढलेला, लक्ष एका ठिकाणी टिकणारं: एवढंच होतं, आणि ते पुरेसं आहे. भास होत नाहीत. ककाओतल्या 'आनंदाच्या रेणूं'विषयी खूप बोललं जातं, पण त्यातलं फेनिलइथिलअमाइन पोटातून जाताना बहुतेक सगळं मोडून जातं. गुण येतो तो थिओब्रोमिनच्या लांब, सौम्य उत्तेजनामुळे आणि तासभर कोणीही फोनला हात लावत नाही त्यामुळे. दुःख वर आलं, रडू आलं तर अडवू नये. धडधड वाढून अस्वस्थ वाटलं तर दुसरा कप नको, पाणी आणि मोकळी हवा. दुसरा कप घ्यायचाच तर तासाभराने, १५ ग्रॅमपर्यंत.

दिवस सहावा: आग

माया अग्निविधी ही वेगळी गोष्ट. तो चालवतो तो आह्कीह, म्हणजे २६० दिवसांच्या चोल्कीह पंचांगातले दिवस मोजणारा आणि जाणणारा. जमिनीवर साखरेचं वर्तुळ, त्यात चार दिशा. पूर्वेला लाल मेणबत्ती, पश्चिमेला काळी, उत्तरेला पांढरी, दक्षिणेला पिवळी, मधे निळी आणि हिरवी. त्यावर पोम नावाचा कोपाल धूप, राळेच्या लाकडाच्या काड्या, तीळ, मध आणि ककाओ. वीस नहुआलांना, म्हणजे पंचांगातल्या दिवसांच्या आत्म्यांना, एकेक करून आवाहन होतं आणि त्यात दोन-तीन तास सहज जातात. ककाओ इथे आगीला वाहिला जातो. माणसांनी तो प्यायलाच पाहिजे असं नाही.

पाहुणा म्हणून गेलात तर दक्षिणा आणि काय साहित्य आणायचं हे आदल्या दिवशी विचारा. आग स्वतः ढवळू नका. फोटोची परवानगी विधी सुरू होण्याआधीच मागा, आणि नाही म्हटलं तर तिथेच विषय संपला. माया लोकांनी ग्वाटेमालातल्या गृहयुद्धाच्या काळात आपले विधी लपून जपले आहेत.

दिवस सातवा: खरेदी

विक्रेत्याला पाच गोष्टी विचारायच्या: कोणत्या भागातला, आंबवलेला की धुतलेला, कधी भाजला, टरफल हाताने काढलं का, आणि रोज पिणार असाल तर कॅडमियम या विषारी धातूची तपासणी झाली आहे का. लॅटिन अमेरिकेतल्या काही मातींमधून कॅडमियम बीमध्ये येतं. युरोपीय संघाने २०१९ पासून ५० टक्के किंवा अधिक ककाओ असलेल्या चॉकलेटसाठी किलोमागे ०.८ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. नुसती पेस्ट रोज पिणाऱ्याने निदान तेवढी कसोटी लावावी. कोणाकडून आला हे सांगू न शकणाऱ्याकडून 'सेरेमोनियल' असा शिक्का बघून घेऊ नये. या शब्दाला कायद्याची कोणतीही व्याख्या नाही, तो कोणीही छापू शकतो.

वडी मोडून वास घ्या. पांढरट, गुळगुळीत डाग म्हणजे चरबी वर आली आहे, तो दोष नाही. केसाळ, हिरवट डाग म्हणजे बुरशी. पनाजाचेलमार्गे अँटिग्वाला परतताना बॅग वाहनाच्या टपावर उन्हात टाकू नका, पेस्ट वितळून कपड्यांत मुरते. कागदात आणि मग हवाबंद डब्यात, १८ ते २० अंशांत, मसाल्यांपासून लांब ठेवली तर वर्षभर टिकते. फ्रीजमध्ये ठेवू नये, बाहेर काढताना तिच्यावर पाणी धरतं.